डावं कोपर वर!

२००४च्या ऑक्टोबरमध्ये अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी एकच कोपर होतं, सचिनचं. त्याला 'टेनिस एल्बो' झाला होता. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतल्या पहिल्या दोन कसोटी त्याला खेळता आल्या नाहीत. आमच्या शहापूर तालुक्यातल्या चहाच्या टपरीवरही लोक डॉक्टर असल्यासारखे कोपराबद्दल बोलायचे. "टेनिसने तर आपण खेळतो, मग आपल्याला कसा होत नाही?" असं एकाने गंभीरपणे विचारलेलं मला अजून आठवतं.

त्याच हिवाळ्यात माझ्या कोपराचाही निकाल लागला. मी सतरा वर्षांचा होतो. आसनगावहून लोकल पकडून एका क्लबच्या निवड चाचणीला गेलो होतो. टेनिस बॉलवर आमच्या भागात माझं बरं नाव होतं. 'ह्याला स्लॉटमध्ये देऊ नका' असं समोरच्या टीमचे लोक ओरडायचे, एवढं नाव. पण लेदरचा बॉल मी त्या दिवशी पहिल्यांदाच खेळत होतो. नेटमध्ये तीन बॉल खेळलो. एक हुकला, एक पॅडवर बसला, एक मी आडव्या बॅटने जाळीत भिरकावला. मागून कोचचा आवाज आला.

"डावं कोपर वर! कोपर वर घे रे! विटीदांडू खेळतोयस का?"

पॅड बांधून रांगेत बसलेली पोरं हसली. वाईट म्हणजे मीही हसलो. आपल्यावर कुणी हसलं की त्यांच्यात सामील व्हायचं, म्हणजे कमी लागतं, हे गावाकडून शहरात जाणाऱ्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

ह्या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. मधल्या काळात मी क्रिकेटवर जे हाताला लागेल ते वाचत गेलो. आणि कळत गेलं की 'डावं कोपर वर' ह्या तीन शब्दांमागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात इंग्लंडचे मेंढपाळ आहेत, पुण्याच्या गोऱ्या साहेबांचं नेट आहे, सांगलीचा एक पोरगा आहे, आणि विटीदांडूसुद्धा आहे. तो इतिहास मला सतराव्या वर्षी माहीत असता तर मी निदान हसलो नसतो. म्हणून हा लेख.

खाचरातलं क्रिकेट

आधी आमचा खेळ समजून घ्या. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे सह्याद्रीला टेकलेले तालुके. शहापुरातून कसाऱ्याची लोकल जाते. मुरबाडला, माझ्या मामाकडे, एसटीने जावं लागायचं. दोन्हीकडे गवताचं मैदान, रोलर, नेट असलं काही आमच्या गावांत नव्हतं. भाताची खाचरं होती. भात कापून झालं, झोडणी उरकली की दिवाळीनंतर खाचरं रिकामी व्हायची. मधले दोन-तीन बांध फोडायचे, पट्टीवर पाणी मारायचं, चोपून घ्यायची, की झालं ग्राउंड. मग पावसाळ्यापर्यंत दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावाचा चषक. माईकवर कॉमेंट्री, मांडवात पाहुणे, आणि शेवटच्या बांधापलीकडे गेला की सिक्स.

ह्या क्रिकेटचे तीन नियम नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पहिला, सामना चार किंवा सहा ओव्हरचा. चार ओव्हर म्हणजे २४ बॉल, आणि हातात १० विकेट. म्हणजे दर अडीच बॉलला एक जण आउट झाला तरी हिशेब बसतो. इथे आउट होण्याची किंमत फार नाही. बॉल वाया घालवण्याची किंमत मोठी आहे.

दुसरा, पायचीत नाही. एलबीडब्ल्यू द्यायचं कुणी? अंपायर दोनपैकी एका गावचा जावई असायचा. एकदा पायचीत दिला की सामना संपून भांडण सुरू. त्यामुळे पाय कुठेही ठेवायला मोकळीक.

तिसरा, बॉल हलका. टेनिस बॉलचं वजन ५६ ते ५९ ग्रॅमच्या आसपास. क्रिकेटचा लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅम, जवळजवळ तिप्पट. जड बॉल वेगात आला की नुसती बॅट लावली तरी निघून जातो. हलका बॉल तसा जात नाही, आणि गेला तरी हवा त्याला लगेच अडवते. त्याला बांधापलीकडे घालवायचा तर बॅटचा वेग तुम्हीच द्यायचा.

आता ह्या तीन नियमांतून फटका कसा तयार होईल ते तुम्हीच बघा. डावा पाय लेग साइडला काढून हातांना जागा करायची. मागचं, म्हणजे उजवं कोपर वर आणि बॅट खांद्यामागे. बॉल टप्प्यात आला की आधी कंबर फिरवायची. त्यासरशी मागचं कोपर बरगडीजवळ खाली येतं, आणि अगदी शेवटी हात सुटतात. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. सगळ्या गावांत सगळी पोरं थोड्याफार फरकाने अशीच मारायची. खेळाच्या अटी सारख्या, म्हणून उत्तरही सारखं.

वकट, लेंड, मूंड

आणि हो, विटीदांडूही होता. कोचने चुकून खरंच बोलून ठेवलं होतं.

मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला माझा मामा राहायचा. मे महिन्यात मी तिथे असायचो. मामा कोयत्याने दांडू तासून द्यायचा, आणि विटीची दोन्ही टोकं अशी निमुळती करायचा की दांडूने टोकावर हलकंच टिचकलं की ती छातीएवढी उडायची. मग ती हवेत असतानाच टोला. मामा स्वतः टोला मारायचा तेव्हा मोजायचा जुन्या पद्धतीने, वकट, लेंड, मूंड, नाल. मला ते शब्द गंमत म्हणून पाठ होते. फार नंतर लक्षात आलं की तेलुगूत एक-दोन-तीन-चार म्हणजे ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. म्हणजे विटीदांडूची मोजणी दख्खनभर कुठून कुठून फिरत मुरबाडच्या खळ्यात पोचली होती. खेळ असे गुपचूप प्रवास करतात.

मामाचं एक सांगणं असायचं. "विटी वर गेली की मारू नको. वर जाऊन थांबते बघ, तेव्हा मार."

वर फेकलेली वस्तू परत खाली येण्याआधी क्षणभर जवळजवळ स्थिर असते, हे मी पुढे शाळेत शिकलो. मामाने ते मला आधीच दाखवलं होतं. घाई केली तर दांडू विटीच्या आधी निघून जातो, उशीर केला तर विटी दांडूखालून. हात कसा धरला हे मामा कधी बघायचाच नाही. तो विटीकडे बघायचा.

वाकडी बॅट आधी होती

आता इंग्लंडला जाऊ. कारण 'सरळ बॅट' तिथून आली, आणि ती मुळात सरळ नव्हती.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, जेव्हा दक्षिण इंग्लंडच्या गावांत मेंढपाळ आणि जमीनदार एकाच कुरणात क्रिकेट खेळत होते, तेव्हा बॅट हॉकी स्टिकसारखी खाली वाकडी असायची. बॉलर हात खाली ठेवून बॉल जमिनीवरून सरपटत टाकायचा. सरपटणाऱ्या बॉलला मारायला वाकडी काठीच बरी. ती झोळीतून उचलल्यासारखी फिरवायची. त्या काळी एखाद्याने कोपर वर घेऊन सरळ बॅट लावली असती तर लोक त्याला हसले असते.

मग १७६०च्या पुढे बॉलर बॉलला टप्पा द्यायला लागले. टप्पा पडून उसळणाऱ्या बॉलपुढे वाकडी बॅट कुचकामी ठरली, म्हणून बॅट सरळ झाली. १७७१ साली थॉमस व्हाइट नावाचा एक जण स्टंपांएवढी रुंद बॅट घेऊन खेळायला उतरला. त्यावर ओरड झाली आणि बॅटची रुंदी सव्वाचार इंचांवर बांधली गेली. ती मर्यादा आजही तीच आहे. १७७४च्या नियमांत पायचीत आलं. १८६४ साली हात खांद्यावरून फिरवून बॉल टाकायची परवानगी मिळाली. बॉल आता वरून, जोरात, टप्पा पडून, कधी वळत, कधी उसळत येऊ लागला.

ह्या प्रत्येक बदलाने बॅट्समनचं कोपर थोडं थोडं वर सरकवलं. का, ते सोपं आहे. उसळणारा बॉल नक्की किती उंचीवर येईल ते माहीत नसतं. बॅट उभी असली तर उंचीचा अंदाज चुकला तरी बॉल बॅटवरच येतो. आडवी फिरवली तर उंची अचूक लागते. आणि उजव्या हाताच्या बॅट्समनने बॅट उभी ठेवायची तर वरच्या म्हणजे डाव्या हाताने ती चालवायला हवी, त्यासाठी डावं कोपर बॉलरच्या दिशेने वर हवं. शिवाय पायचीत आहे, त्यामुळे पाय स्टंपांसमोर आणून बॅट हुकवली तर गेलात. आणि सामना दिवसभर, तीन दिवस, पाच दिवस चालायचा. एकदा आउट झालात की दिवसभर तंबूत बसायचं.

म्हणजे डावं कोपर वर ठेवणं हे सुद्धा एक उत्तरच होतं, त्या बॉलला, त्या जमिनीला आणि आउट होण्याच्या त्या किमतीला. आमच्या खाचरातल्या फटक्यासारखंच. फरक एवढाच की इंग्रजांनी त्यांचं उत्तर लिहून काढलं. १९५२ साली एमसीसीने क्रिकेट कोचिंगचं पुस्तक छापलं, त्यात हे सगळं नियमांसारखं मांडलं, आणि जगभरच्या कोचेसकडे उत्तर पोचलं. प्रश्न मात्र मागे राहिला.

बॅट कुणाच्या हातात

हे उत्तर आपल्याकडे आलं तेव्हा त्यात आणखी एक गोष्ट मिसळली. बॅट मुळात कुणाला मिळणार?

पुण्यात इंग्रजांच्या क्लबात पळवणकर बाळू नावाचा चर्मकार समाजातला तरुण खेळपट्टी लाटायचा, नेट लावायचा. त्याची डावखुरी फिरकी साहेबांच्या लक्षात आली आणि ते त्याला सरावासाठी बॉल टाकायला लावू लागले. कॅप्टन ग्रेग नावाचा उत्तम बॅट्समन त्याच्याकडून तासन् तास बॉल टाकून घ्यायचा. रामचंद्र गुहांनी ह्या काळाचा इतिहास लिहिला आहे, त्यात एक गोष्ट आहे जी मी वाचून बराच वेळ पुढे गेलो नाही. त्या नेटमध्ये बाळूला बॅट कधी दिली गेली नाही. बॉल टाकणं हे काम होतं, बॅटिंग ही चैन होती. त्याच बाळूने १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त विकेट घेतल्या. इकडे मैदानावर सोबत खेळणारे हिंदू लोक चहाच्या वेळी त्याला कप वेगळा द्यायचे.

बाळूचा धाकटा भाऊ विठ्ठल मात्र बॅट्समन झाला, आणि नुसता झाला नाही तर १९२३ साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदूंचा कॅप्टन म्हणून जिंकला. एका पिढीत, एकाच घरात, हात बॉलवरून बॅटवर गेला. त्यासाठी किती भांडणं झाली, किती वर्षं गेली हे विठ्ठलने मराठीत आत्मचरित्र लिहून सांगितलं आहे. आज मोबाइलवर हायलाइट बघताना 'ह्याची टेक्निक चांगली', 'ह्याची गावठी' असं आपण सहज म्हणतो, तेव्हा मला हे नेट आठवतं. ज्यांना बॅटच मिळाली नाही त्यांच्या टेक्निकचं पुस्तक कोण लिहिणार होतं?

आणि ज्यांना मिळाली त्यातल्या थोरांनी पुस्तक पाळलं का? बघा.

१ डिसेंबर १९२६. बॉम्बे जिमखाना. नागपुरात जन्मलेला सी. के. नायडू एमसीसीविरुद्ध हिंदूंकडून खेळतोय. दोन तासांच्या आत १५३ धावा, त्यात ११ सिक्स. त्या काळात सिक्स म्हणजे जरा असभ्य गोष्ट समजली जायची. सहा वर्षांनी भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा कॅप्टन नायडूच होता.

सांगलीचा विजय हजारे दोन्ही पॅडच्या मधे बॅट अडकवल्यासारखी धरून उभा राहायचा. कुठल्याही पुस्तकात न बसणारी ती ठेवण. ऑस्ट्रेलियाचा नावाजलेला स्पिनर क्लॅरी ग्रिमेट त्याला शिकवायला आला होता. त्याने ती उभं राहण्याची पद्धत बदलू नको असं सांगितलं. जानेवारी १९४८मध्ये ॲडलेडला त्याच हजारेने ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध, लिंडवॉल आणि मिलरसमोर दोन्ही डावांत शतकं काढली, ११६ आणि १४५. आणि फेब्रुवारी १९५२मध्ये, म्हणजे एमसीसीचं पुस्तक आलं त्याच वर्षी, भारताने पहिली कसोटी जिंकली ती हजारेच्या कॅप्टनशिपखाली.

खुद्द ब्रॅडमन? तो लहानपणी बावरल गावात घरामागच्या पाण्याच्या टाकीवर गोल्फचा बॉल आपटायचा आणि परत येणारा बॉल स्टंपने मारायचा. बारीक गोल काठी, लहान बॉल, वेडावाकडा उसळणारा. त्यात आणि आमच्या विटीदांडूत फरक किती? त्याची बॅट मागे जाताना सरळ जायची नाही, स्लिपच्या बाजूला जाऊन वळसा घेऊन यायची. सरासरी ९९.९४. पुस्तकाप्रमाणे चूक.

आणि आमचा सचिन. लहानपणी मोठ्या भावाची जड बॅट वापरल्यामुळे तो खालचा हात दांड्यावर फार खाली धरायचा. आचरेकर सरांनी ती पकड बदलून पाहिली. जमेना, तेव्हा सरांनीच परत जुनी करू दिली. ह्या गोष्टीतला मोठा माणूस मला सचिनइतकाच सरांमध्येही दिसतो. शिकवताना थांबता येणं फार अवघड आहे.

अमेरिकेतलं कोपर

माझा फटका नक्की काय होता ह्याचं सगळ्यात सरळ उत्तर मला मिळालं ते ज्या खेळाशी आमचा काही संबंध नाही अशा खेळात, बेसबॉलमध्ये.

बेसबॉलची बॅट गोल असते, दांडूसारखी. बॉल टप्पा न पडता हवेतून येतो, विटीसारखा हवेतच मारायचा. पायचीत नाही. मागे स्टंप नाहीत. म्हणजे कोपर वर ठेवून उभ्या बॅटने काही वाचवायचं नाहीच. पूर्ण शरीर फिरवून मारायचं.

टेड विल्यम्स हा बोस्टनचा बॅटर. १९४१ साली त्याची सरासरी .४०६ होती, म्हणजे दर दहा संधींत चार वेळा यशस्वी. त्यानंतर मेजर लीगच्या त्या दोन लीगमध्ये एका हंगामात .४०० कुणालाच गाठता आलेलं नाही. दहापैकी सहा वेळा चुकणारा माणूस तिथे देव आहे, हे एकदा कळलं की चुकण्याची किंमत खेळागणिक कशी बदलते ते समजतं. १९७०च्या सुमारास विल्यम्सने फटक्याच्या शास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्याचं मुख्य म्हणणं असं की फटका कंबर सुरू करते, हात मागून येतात. आणि बॅट किंचित खालून वर जावी, कारण बॉल वरून खाली येत असतो.

अमेरिकेतल्या मैदानांवरही पिढ्यान् पिढ्या मुलांना एक ओरड ऐकावी लागते, 'मागचं कोपर वर!' आमच्याकडे डावं, त्यांच्याकडे मागचं. मोठ्या खेळाडूंच्या फोटोत मागचं कोपर वर दिसतं म्हणून बाप आपल्या पोराला तसं उभं करतो. पण तिथल्या जाणत्या कोचेसनी केव्हाच सांगून ठेवलंय की उभं राहताना कोपर कुठे आहे ह्याला फार अर्थ नाही. कुणाचं वर असतं, कुणाचं खाली. बॅट निघाल्यावर ते कुठे जातं ते महत्त्वाचं. कंबर फिरते तेव्हा मागचं कोपर बरगडीशी आलं पाहिजे. हात शरीराजवळ असले की शरीर चटकन फिरतं, लांब पसरले की जड होतं. फुगडी घालताना हात आखडले की गिरकी कशी वाढते, तसंच. मग वेग कमरेतून खांद्यात, खांद्यातून कोपरात, कोपरातून मनगटात आणि तिथून बॅटच्या टोकात उतरतो. लाकूड फोडताना कुऱ्हाड, झोडताना भाताची पेंढी, सगळं ह्याच वाटेने जातं. आमच्या गावातल्या कुठल्याही बाईमाणसाला ही वाट ठाऊक आहे. तिला फक्त कुणी बॅट दिलेली नाही.

आणि टायमिंग? ताशी ९० मैलांचा बॉल पिचरच्या हातातून बॅटरपर्यंत साधारण ०.४ सेकंदात पोचतो. त्यातले ०.१५ सेकंद बॅट फिरायलाच लागतात. उरलेल्या पाव सेकंदात बघायचं आणि ठरवायचं. बॅट सेकंदाच्या शंभराव्या भागाने लवकर किंवा उशिरा आली तरी बॉल रेषेबाहेर फाउल जातो. एवढ्या वेळात 'माझं कोपर कुठे आहे' हा विचार मनात आणायला जागाच नाही. ज्याच्या मनात तो आला, त्याचा बॉल गेला.

हे वाक्य मी अनुभवाने लिहितोय.

नंतर काय झालं

चाचणीत माझी निवड झाली नाही. पण मी हट्टाने एक वर्ष लेदर क्रिकेट शिकलो. आरशासमोर डावं कोपर वर घेऊन उभा राहायचो. घरी आई विचारायची, "मान आखडली का रे?" हळूहळू बॅट सरळ यायला लागली. लेदर बॉल पॅडवर न बसता बॅटवर बसायला लागला, हेही खरं. त्या कोचचं सांगणं त्या बॉलपुरतं बरोबरच होतं. नवा बॉल स्विंग होतो, उसळतो, तिथे माझा आडवा फटका दहापैकी आठ वेळा मला घरी पाठवणार होता. मी त्यांना आज दोष देत नाही.

पण वर्षभराने फेब्रुवारीत मी आमच्या चषकात खेळायला उतरलो. शेवटची ओव्हर, अकरा हव्या होत्या. पहिला बॉल स्लॉटमध्ये, वर्षापूर्वी तो बांधापलीकडच्या आंब्यात गेला असता. मी कोपर वर घेतलं. अगदी क्षणभर, पण कोपराचा विचार केला. बॉल बॅटला लागून बॉलरकडे परत गेला. सरळ, सुंदर, शून्य रन. पुढचे दोन तसेच. आम्ही हरलो. माईकवरचा दादा म्हणाला, "शहरात जाऊन पोरगा डिफेन्स शिकून आलाय, मंडळी!" पुन्हा सगळे हसले. ह्या वेळी मी हसलो नाही.

लेदरला मी उशिरा पोचलो होतो, आणि टेनिसचं जे होतं ते विसरून बसलो. कॉलेज संपेपर्यंत दोन्ही सुटलं. मला वाटायचं, माझ्यातच दम नव्हता. असेलही. पण एक प्रश्न मला तेव्हा कुणी शिकवला असता तर फार बरं झालं असतं, 'कोपर वर, पण कशासाठी?' उत्तर मिळालं असतं तर मी दोन बॉलसाठी दोन हात ठेवले असते. नुसता हुकूम मिळाला, म्हणून पहिला हात चुकीचा समजून टाकून दिला.

पुढे काळ कसा फिरला ते तुम्ही पाहिलंच आहे. टी-ट्वेंटी आलं. २० ओव्हर, म्हणजे १२० बॉल आणि १० विकेट. आउट होण्याची किंमत उतरली आणि सगळ्यांचे डावे पाय बाजूला निघायला लागले. सूर्यकुमार यादवने आपले मागे उडवायचे फटके लहानपणी सिमेंटवर रबरी बॉलने खेळताना आल्याचं सांगितलं. २०२२ साली पंजाब किंग्जने ज्युलियन वूड ह्या इंग्लिश कोचला आणलं, बेसबॉलकडून शिकून क्रिकेटरना जोरात मारायला शिकवणं हेच त्याचं काम. कंबर आधी, हात नंतर, मागचं कोपर बरगडीशी. बातमी वाचून मी खूप वेळ मोबाइल हातात धरून बसलो होतो.

मार्च २०२४मध्ये टेनिस बॉलची पहिली आयएसपीएल स्पर्धा झाली, तीही आमच्याच जिल्ह्यात, ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर. मी आसनगावहून लोकल पकडून गेलो, त्याच लाइनने. फ्लडलाइटमध्ये कुठल्या कुठल्या गावांतली, गल्ल्यांतली पोरं डावा पाय काढून मारत होती. माझ्या शेजारी एक काका त्यांच्या नातवाला सांगत होते, "बघ, कसं शास्त्रशुद्ध मारतोय." मी त्यांच्याकडे वळून बघितलं. त्यांना त्यात काही गंमत वाटत नव्हती.

माझा भाचा आता चौदाचा आहे. मे महिन्यात तो आमच्याकडे येतो, जसा मी मुरबाडला जायचो. मागच्या उन्हाळ्यात त्याने खाचरात बॅट धरून विचारलं, "मामा, यूट्यूबवर एक जण म्हणतो कोपर वर, एक म्हणतो खाली. कुठे ठेवू?"

मी विचारलं, "बॉल कुठला आहे?"

"टेनिस."

"पायचीत आहे?"

"नाही."

"किती ओव्हर?"

"चार."

"मग तूच सांग."

तो जरा वैतागला. मी बॅट बाजूला ठेवली, कोयता घेतला आणि कुंपणाच्या काठीचा एक दांडू तासला. विटी मामाइतकी नीट निमुळती झाली नाही. पहिल्या तीन वेळा भाच्याचा दांडू विटीच्या आधीच निघून गेला. चौथ्या वेळी ती उडाली, वर जाऊन थांबली, आणि टोला बसला. विटी दोन बांध ओलांडून गेली. ती शोधायला आम्हाला अर्धा तास लागला.